हिरवी नको

"अबे, हीच तर पाहिजे होती ना तुले!" शुभंकरने भिंतीवरच्या हिरव्या इलेक्ट्रिक गिटारकडे बोट दाखवलं. "महिनाभर मोबाइलवर हिचाच फोटो पाहून राहिला तू. आता काय झालं?"

"प्रत्यक्षात बेडकासारखी दिसतेय," जुनेद म्हणाला. "काळी घेऊ."

बेडकासारखी ती मुळीच दिसत नव्हती. नारायण पेठेतल्या त्या माडीवरच्या दुकानात, ट्यूबलाइटच्या रोगट उजेडातही ती कोवळ्या कैरीसारखी तुकतुकीत दिसत होती, आणि जिना चढून आल्याबरोबर जुनेदची नजर आधी तिच्यावरच गेली होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं ठरवलं, की माणूस काहीही बोलतो.

शुभंकर अमरावतीचा. ऑफिसात जुनेदच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, त्यांच्या बँडमध्ये ड्रम बडवायचा, आणि हट्टाला पेटला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

"काळी? कोणाच्या मयतीले चालला का बे?"

"हिरव्यावर डाग दिसतात."

"काळ्यावर बोटं दिसतात."

"स्टेजवर लाल लाइट पडला की हिरवं काळंच दिसतं."

"मग झालंच की! तुले काळीच पाहिजे ना?"

गल्ल्यावरच्या वासंतीबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "रंगानं आवाज बदलत नाही. वाद मिटला की हाक मारा, मी तोवर चहा घेते." आणि त्या आत निघून गेल्या.

शुभंकरने हिरवी गिटार भिंतीवरून काढून सरळ जुनेदच्या मांडीवर ठेवली. जुनेदने एक तार छेडली, मग न राहवून दुसरी. आणि चटका बसावा तशी ती बाजूला सारली.

"एक खरं कारण सांग," शुभंकर म्हणाला. "मी गप्प बसतो."

जुनेदने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहिला प्रोग्राम कुठंय आपला?"

"तुमच्या मंडळाच्या गणपतीत."

"तिथं हिरवी गिटार घेऊन उभा कोण राहणार? जुनेद शेख."

शुभंकरला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो तापला. "कोण बोललं तुले? नाव सांग फक्त. ते अध्यक्ष, रंगनाथकाका?"

"नाही रे."

"मग कोण?"

"कुणीच काही बोललं नाही."

हे सांगताना जुनेदची मान खाली गेली. खरंच कुणी बोललं नव्हतं. शाळेत असल्यापासून तो मंडळाचा मांडव बांधायला जात होता. आरती झाली की रंगनाथकाका त्याला हाक मारून प्रसाद द्यायचे, आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई "अम्मीला पण ने रे" म्हणून वर आणखी एक मोदक हातावर ठेवायच्या. आणि याच माणसांच्या तोंडी त्याने काल अंथरुणात पडल्या पडल्या नाही नाही ते घातलं होतं. त्यांना विचारलं नाही, सांगितलं नाही. परस्पर त्यांच्यावर आरोप ठेवला आणि परस्पर स्वतःच शिक्षा भोगायला निघाला. त्याला लाज वाटली. असा संशय घेतल्याची वाटली, आणि त्याहून जास्त, घाबरल्याची.

आता शुभंकर नेहमीसारखा खेकसेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. "काहीही बोलतो बे, हीच घ्यायची," एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. तेवढं म्हणाला असता, तर जुनेदने ती घेतली असती, आणि मांडवात छाती काढून वाजवलीही असती.

शुभंकर उठला. हिरवी गिटार त्याने जपून उचलली आणि पुन्हा भिंतीवर टांगली. ती नीट बसली की नाही ते उगाचच हलवून पाहिलं. जुनेदकडे मात्र पाहिलं नाही.

"काळी बी वाईट नाही बे," तो म्हणाला.