एका घरातून एकच

“सर, एका घरातून एकच का? आम्ही दोघी बसलो तर विमान एका अंगाला कलंडणार आहे का?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. हे विचारून दाखव, अशी पैज चष्मेवालीने लावली होती आणि भोंग्याने ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं. गेल्या वर्षापर्यंत हिच्या तोंडून हजेरीचं ‘हजर’सुद्धा धड निघत नसे. यंदा आवाजाला वाट फुटली ती फुटलीच. भोंगा हे नाव तेव्हापासूनचं.

चित्रकलेचे सर हसले नाहीत. ते सगळ्या वर्गाला अहो-जाहो करत. अडकलेल्या खिडकीलाही ‘जरा उघडा की’ म्हणत.

“विमानाचं काही नाही हो. जागा सोळा आहेत. जास्तीत जास्त घरांतून कुणीतरी परदेशातली संग्रहालयं बघून यावं, म्हणून नियम. तुमच्या घरातल्या दोन्ही चित्रवह्या निवडल्या गेल्या, हा तुमचाच गुन्हा.” सरांनी एकच अर्ज पुढे केला. “उद्या सकाळपर्यंत एक नाव. नाहीतर जागा दुसऱ्या घराला.”

भोंग्याने मान लांब करून पहिल्या बाकाकडे पाहिलं. पेन्सिल मुकाट्याने रेघ ओढत होती. परदेशबिरदेश जणू तिच्या गावीही नव्हता.

कानामागे कायम पेन्सिल, म्हणून ती पेन्सिल. भोंग्याहून मोठी, पण घरच्या अडचणीत शाळा मध्येच सुटलेली. यंदा पुन्हा नाव घातलं आणि नेमकी भोंग्याच्याच वर्गात येऊन बसली. पहिल्याच दिवशी भोंग्याने तिला जिन्यात गाठून बजावलं होतं, “शाळेत ओळख दाखवायची नाही. मी डबा विसरले तरी हाक मारायची नाही.”

“बरं,” पेन्सिल म्हणाली होती, आणि शब्दाला जागली होती.

मधल्या सुट्टीत चष्मेवालीने फर्मान काढलं. “तूच जायचंस. कुठल्या दिवशी छापखाना, कुठल्या दिवशी खुर्च्यांचं दालन, कुणाला बस लागते म्हणून पुढे बसवायचं, सगळा आराखडा तूच केलास ना?”

खोटं नव्हतं. दोन महिने भोंगा त्यात बुडाली होती. तिथल्या गल्ल्या तिला नकाशावरून तोंडपाठ होत्या. सातव्या दिवशीचा कापडछपाईचा वर्ग तर तिने पत्रांवर पत्रं पाठवून, अक्षरशः डोकं खाऊन मिळवला होता.

“रेषा मात्र तिचीच भारी आहे,” भोंगा पुटपुटली.

“ए बावळट! ती स्वतः काय म्हणते?”

“म्हणते, तू जा. मला काय करायचंय.”

“मग मिटलं की!”

मिटलंच होतं. भोंग्याने उरलेली सुट्टी, विमानात खिडकी कुणाला, यावर भांडण्यात घालवली.

फाटकाबाहेर ओळख दाखवायला मुभा होती. पेन्सिलने वाटेत भाजी घेतली आणि अर्धी जुडी भोंग्याच्या हातात कोंबली.

“तिथे थंडी असेल. माझा जाड स्वेटर ने.”

“तो मला ढगळ होतो.”

“आत दोन कपडे घाल. आणि खुर्च्यांच्या दालनात धावू नकोस. डाव्या कोपऱ्यात वाकवलेल्या लाकडाची एक आहे, तिचे पाय बघ. एकही खिळा नाही म्हणे.”

“तुला काय माहीत?”

“तुझ्या आराखड्यात आहे की.”

आराखड्यात नव्हतं. भोंग्याला ते पुरतं ठाऊक होतं.

घरी पोचल्यावर तिने अर्ज टेबलावर ठेवला आणि ती हात-पाय धुवायला गेली. आई-बाबांना एकदमच सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. अशी बातमी तुकड्यातुकड्याने द्यायची नसते. परत येऊन ती पेन उघडून बसली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. अर्ज जागचा हलला नव्हता, पण त्यावर खोडरबराचा बारीक भुगा होता.

तिने कागद उन्हात कलता धरला. नावाच्या रकान्यात पेन्सिलीच्या टोकाने पडलेले खळगे दिसले. कुणीतरी शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश, ठसठशीत नाव लिहिलं होतं आणि मग पार पुसून टाकलं होतं. नाव भोंग्याचं नव्हतं.

तिने पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. दोन महिने! सातवा दिवस! त्या गल्ल्या! तिला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला. अखेर तिने खालचा ओठ दाताखाली धरला आणि सगळा अर्ज एका दमात भरून टाकला.

“आई! बाबा! दोघंही इकडे या, ताबडतोब!”

बाबा इस्त्री उभी करून धावत आले. “काय जळलं?”

“काही नाही. मी ठरवलंय.”

“हात्तिच्या! मला वाटलं, काय झालं! माझी मोठी बॅग ने, तिची चाकं चांगली आहेत.”

“मी नाही जात, बाबा.”

“अगं, दोन महिने तू रात्रंदिवस त्या सहलीचंच—”

“म्हणून तर! आराखडा नीट झालाय का, हे कुणीतरी जाऊन बघायला नको?”

ओले हात पुसत पेन्सिल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. भोंग्याने जाऊन अर्ज तिच्या हातात दिला.

“नाव तुझं घातलंय, आई. पालकांची सही मी केलीये.”