सहावी पायरी

“चाळीस हॉस्पिटलांचे रिपोर्ट अडकलेत सर, आणि सबनीस मॅडम फोन उचलत नाहीयेत,” टीममध्ये उरलेली एकटी इंजिनिअर रडकुंडीला आली होती.

“त्यांनी जाताना लिहून ठेवलंय ना सगळं!” म्हणत मॅनेजरने फाइल उघडली. बावीस वर्षं ही जुनी सिस्टीम सांभाळणाऱ्या मॅडमना त्यानेच गेल्या महिन्यात कामावरून कमी केलं होतं. “आज दुपारी बारापर्यंत सगळं लिहून द्या,” एवढंच बजावलं होतं.

एकेक पायरी वाचत तो घाईघाईने बटणं दाबत गेला. पाचव्या पायरीला बंद पडलेली स्क्रीन उजळली. त्याच्या जिवात जीव आला.

सहावी पायरी होती, ‘आता एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका, ती म्हणजे’

पुढे काहीच नव्हतं. बाराच्या ठोक्याला त्यांचा लॅपटॉप बंद करायला आयटीवाल्यांना त्यानेच सांगितलं होतं.