बेंगो

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती आणि ताई फोनवर धाकटीच्याच नवऱ्याला स्पॅनिश शिकवत होती.

शिकवणी टाळता आली नसती. कंपनी त्याला परदेशी पाठवणार होती, म्हणून दर आठवड्याला याच वेळी तो परगावाहून फोन करायचा. आजच नाही म्हटलं असतं, तर पळालेली बायको कुठे आहे हे त्याला आयतंच कळलं असतं. सकाळी आली तेव्हा पोरीच्या मनगटावर बोटांचे वळ होते. उद्या तिला लांब मैत्रिणीकडे पोचवायचं; आजचा दिवस तेवढा देवाने निभावून न्यावा.

“हं, जावईबापू, घरातलंच एखादं वाक्य सांगा.”

“मी एस्पोसा एस कायादा. माझी बायको गप्प असते.”

“स्वभावच तसा असेल तर ‘एस’. आत्तापुरती गप्प असेल तर ‘एस्ता’.”

“मग एस्ता,” तो म्हणाला. “स्वभावाने कुठली गप्प? करावी लागते.”

ताई हसली. हसणं भाग होतं.

“बरी आहे ना ती?”

“तुम्हीच सांगा. बहीण तुमची.”

“कसली बहीण! लग्न झालं आणि ताईला विसरली. महिनाभर फोन नाही मेलीचा.”

धाकटीने तोंडावर हात दाबून धरला. “असं होय,” पलीकडून तो म्हणाला. आज त्याचा आवाज घुमत होता. कचेरीच्या जिन्यात जाऊन बोलत असेल, असं ताईला वाटलं.

“आता शेवटचं,” तो म्हणाला. “बेंगो पोर मी एस्पोसा. बायकोला न्यायला येतोय.”

म्हणजे कळलं याला. पण तो तिकडून निघून इथे पोचेपर्यंत अख्खी दुपार जाईल. तेवढ्यात पोर सुटेल, फक्त याला बोलण्यात गुंतवून ठेवायला हवं. तिने धाकटीला हाताने खुणावलं: नीघ, आत्ताच्या आत्ता.

आणि देवानेच दिल्यासारखी चूक सापडली होती.

“इथे चुकलात,” ताई सावकाश, शब्द लांबवत म्हणाली. “आपलं बरं असतं. घरातून निघतानाही ‘येतो’, दुसऱ्याकडे जायचं तरी ‘येतो’. त्यांच्यात असं चालत नाही हो. तुम्ही अजून तिकडे आहात, निघायचे आहात, तर ‘बोय’ म्हणायचं. जातो.”

धाकटीने चपला चढवल्या, पिशवी उचलली.

“आणि बेंगो कधी म्हणायचं?”

“माणूस येऊन पोचला की. समजा, कुणी दारात उभं आहे आणि न्यायला आलोय म्हणून सांगतंय, तर ते बेंगो.”

धाकटीने आवाज न करता कडी काढली.

“मग चुकलो नाही, ताई,” तो म्हणाला.