डॉक्टरला दाखवून या

केजच्या दूध सोसायटीत दूध घातलं की सुंदरराव रोज बसवराजअप्पांच्या औषधाच्या दुकानात यायचे. अप्पा त्यांना एका दिवसाच्याच गोळ्या द्यायचे आणि म्हणायचे, “डॉक्टरला दाखवून या.” सुंदरराव मुकाट्याने समोरच्या दवाखान्यात जायचे. उन्हाळ्यात माहेरी आलेल्या वनिताला वडिलांचे हे हेलपाटे बघवेनात. “गिऱ्हाईक बांधून ठेवायची रीत बरी आहे तुमची,” असं अप्पांना चारचौघांत सुनावून तिने महिन्याच्या गोळ्या एकदम मागितल्या.

“ताई, एकदा डॉक्टरशी बोला.”

“कशाला? मला वाचता येतं.”

पावसाळ्याआधीच वडिलांच्या किडन्या गेल्या आणि पाठोपाठ ते. तेराव्यानंतर ती उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली.

“अप्पा, रोज दाखवायला कशाला लावायचात?”

“मुतखड्याला पाणी लई लागतं, ताई. अन् सुंदरराव टँकरचं पाणी म्हशीला पाजायचे, सोसायटीचं दूध तुटू नये म्हणून. आमी पाणी पुढं केलं की म्हणायचे, दुष्काळात दुसऱ्याचं पाणी कावून पिऊ? मंग डॉक्टरनं अन् मी ठरवलं. मी रोज तिकडं धाडायचो, डॉक्टर म्हणायचे, गोळी माझ्यासमोर घ्या, तांब्याभर पाण्यासंगं. औषध म्हणलं की प्यायचे.”

बोलता बोलता अप्पांनी सवयीने तांब्या तिच्यापुढे सरकवला. नको म्हणायलाही तिला तोंड नव्हतं.