तिसरी प्रत

सत्त्याऐंशी साली माझ्या दोस्तानं, गौसनं, राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एकदा फ्लॉपी दाखवत मला म्हणाला, "ह्यातलं अक्षर कधीकधी गुपचूप बदलतंय बघ. मशिनला पत्ताच न्हाय, त्याला वाटतंय सगळं बरोबर हाय. म्हणून तीन प्रती ठेवायच्या. दोन जुळल्या, की त्यावरनं तिसरी नीट करायची."

त्याच श्रावणात गारगोटीला माझ्या वडिलांचं, अप्पांचं, कीर्तन होतं. मागं तबल्यावर गौस आणि पेटीवर मी, नेहमीसारखे. चिलयाचं आख्यान रंगात आलं. चांगुणा आपल्या गेलेल्या लेकराला जेवायला बोलावते, तिथं अप्पांनी गहिवरून हाक दिली, "रोहिदासा, ये रे बाळा!"

रोहिदास तर हरिश्चंद्राचा मुलगा. अप्पा डोळे मिटून तसेच उभे, चुकल्याची जाणीवच नाही. गौसनं माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघांनी एकदम सूर उचलला, "चिलया बाळा, ये रे!" अप्पांनी पुढची हाक चिलयालाच दिली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणाला काही कळलं नाही.

परतताना एसटीत अप्पांनी विचारलं, "आज झ्याक झालं, व्हय की न्हाय?"

"देव समोर आल्यागत झालं की, अप्पा," गौस म्हणाला.

अप्पांनी नजर खिडकीबाहेर वळवली. मग हळूच बोलले, "पोरांनो, दर वक्ती असंच मागनं गात जावा. माझ्या एकट्याच्या हाकेला चिलया आता येत न्हाय."