दहाव्याचं विमान

पिंड ठेवून पाच मिनिटं झाली तरी कावळा शिवेना.

विंझरच्या नदीकाठी, कातळावर. बाभळीवर सात-आठ कावळे कलकलत होते, पण खाली एकही येईना. वर स्वरूपचं विमान घिरट्या घालत होतं. कसरतीच्या खऱ्या विमानाची हुबेहूब लहान प्रत, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत तीन हात. माझ्या दहाव्याला हे उडवा, असं तो म्हणायचा, हे त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, घरात सांगितलं होतं. उडवायलाही तिलाच येत होतं. नवऱ्यानंच शिकवलेलं.

रिमोट तिच्या हातात, चार वर्षांची लेक प्रांजल ओढणीला धरून.

विमान वेगात असलं की उलटं-सुलटं कसंही फिरवा, गुणी. वेग उतरला की मात्र डावा पंख अचानक टाकायचं, आणि मग खालीच. बॅटरी पुरवायची तर वेग कमी ठेवणं भाग होतं. दर वळणाला पंख थरथरायचा, आणि ती शेपटीच्या सुकाणूनं अलगद सावरायची. आपल्या बोटांवर कुणाची तरी बोटं आहेत, असं तिला दोनदा वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही.

"जीव घुटमळतोय पोराचा," सासूबाई, सगुणाबाई, म्हणाल्या. "बघा की, हितंच फिरतंय."

धाकट्या मानसिंगनं हात जोडून भावाचं अर्धं राहिलेलं घर पुरं करायचा शब्द दिला. आनंदरावांनी, आमची काळजी करू नको, असं लेकाला सांगितलं. एक कावळा फांदीवरून सुटला, अर्ध्यातून माघारी गेला.

चार दिवसांपूर्वीच घरात ठरलं होतं. सुनेनं पुण्याला नोकरीवर खुशाल जावं, नात मात्र आजी-आजोबांपाशी राहील. स्नेहलला कुणी विचारलंही नव्हतं.

रिमोट टिकटिकू लागला. बॅटरी संपत आली. विमानानं पंख टाकला, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर कसंबसं सावरलं.

"अवं," सगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, "पोरीपायी तर न्हाई?"

आनंदराव कातळापाशी गेले.

"स्वरूपा, पोर आईपाशीच ऱ्हाईल. आमी आडवं येनार न्हाई. चार मानसांदेखत सांगतो. आता शिव रं बाबा."

स्नेहलनं विमान पलीकडच्या रिकाम्या खाचरात उतरवलं. क्षणभरात कावळे पिंडावर तुटून पडले.

सगुणाबाई घळाघळा रडल्या. नातीचा मुका घेऊन त्यांनी तिला आईकडं सरकवलं. "ने गं बाई. त्याच्याच मनात व्हतं."

स्नेहलनं मान हलवली. परवा आणि काल, विमान तपासून येते म्हणून ती एकटीच इथं आली होती. याच कातळावर तिनं भाताचे गोळे मांडले होते, आणि विमान हवेत असेतो एकही कावळा खाली उतरला नव्हता.