उसनं बोट

विज्ञानाचे निवृत्त सर रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या मीटरवर रक्तातली साखर मोजायचे आणि आकड्याचा फोटो परगावच्या डॉक्टर मुलीला पाठवायचे. मधुमेह त्यांचा, मीटर त्यांचं, बोट मात्र बायकोचं.

"शाब्बास बाबा, पंच्याण्णव!" मुलगी खूश व्हायची. मग चहात तीन चमचे साखर ढवळत सर बायकोची शिकवणी घ्यायचे. "साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. कमी झाली की यकृत साठ्यातली काढून देतं. सगळं आपोआप. माणसाने उगाच लुडबुड करू नये."

"हो," म्हणत ती बोटावर कापूस दाबून धरायची.

आठ महिने हे बिनबोभाट चाललं. आज मीटरने दोनशे नव्वद दाखवले. सरांनी तिचं दुसरं बोट स्वतः पुसून टोचलं. दोनशे शहाण्णव.

"रात्री काय गिळलंस?"

"काही नाही हो. हल्ली सारखी तहान लागते, रात्रीतून चारदा उठते, खाल्लेलं अंगी लागत नाही. तुम्हाला म्हटलं होतं मागे."

"म्हटलं होतं म्हणे! आठ महिन्यांची माझी मेहनत पाण्यात घातलीस. आता पोरीला काय तोंड दाखवू?"

ती घाबरून आकड्याकडे बघत राहिली. सरांनी घड्याळ पाहिलं. फोटोची वेळ टळत चालली होती. त्यांनी मीटरमध्ये नवी पट्टी सरकवली आणि आत हाक मारली,

"सूनबाई, अजून चहा घेतला नाहीस ना? जरा हात धुऊन ये."